वाळूवरची साय, पडद्यावरचा चिकटा

मागच्या वर्षी मे महिन्यात कारंज्यातल्या एका पाण्याच्या प्लांटवर बसलो होतो. कारंजा म्हणजे आमचं घाडग्यांचं कारंजा, वाशीम जिल्ह्यातलं लाडांचं नव्हे. नागपुराहून अमरावतीकडे निघालं की कोंढाळीच्या पुढे महामार्गावरच लागतं. प्लांट म्हणजे एक शेड, दोन मोठ्या टाक्या, एक बोअर आणि मधोमध स्टीलच्या चौकटीत आडव्या बसवलेल्या नळ्या. इथून वीस लिटरचे कॅन भरून गावात जातात, लग्नाच्या मांडवात जातात, संत्र्याच्या बगिच्यात मजुरांसाठी जातात. त्या दिवशी काम अडलं होतं. तासाला जितकं पाणी निघायला हवं त्याच्या निम्मं निघत होतं आणि दाबाचा काटा मात्र वर चढला होता.

मेकॅनिकनं पहिल्या नळीतलं मेंब्रेन ओढून काढलं. कमरेइतकं लांब, चार इंच जाड, वरून पांढरं फायबरचं कवच. ते टाकूनच द्यायचं होतं, म्हणून मी म्हटलं, “कापून दाखवता का?” त्यानं हेक्सॉ ब्लेडनं कवच उभं चिरलं. आत सतरंजीची वळकटी असावी तसे पडदे गुंडाळलेले, आणि दोन पडद्यांच्या मध्ये प्लास्टिकची बारीक जाळी. वळकटी उलगडत गेली तसा कुबट वास आला, पावसाळ्यात न घासलेल्या रांजणाच्या तळाला येतो तसा. पाणी ज्या टोकानं आत शिरतं तिकडे जाळीच्या प्रत्येक चौकोनात तपकिरी थर धरला होता. दुसऱ्या टोकाकडे तो विरळ होत गेला होता.

“डोळ्याले कमी दिसते भाऊ, हाताले जास्त लागते,” तो म्हणाला. मी बोट फिरवलं. मासोळीच्या अंगावरून घसरावं तसं ते घसरलं.

तो त्याला चिकटा म्हणत होता. मला मात्र ऐकलेली-वाचलेली एक जुनी गोष्ट आठवली. अगदी असाच थर, असाच बुळबुळीत, सत्तरच्या दशकात इथून फार लांब नसलेल्या नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुद्दाम वाढवला जात होता आणि जपलाही जात होता, कारण त्याच्याच भरवशावर गाव पाणी पिणार होतं. तिथे जो राखणदार होता तोच इथे मेंब्रेनचा काळ कसा झाला, याची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिच्यातला बराच भाग आपल्या नागपुरात घडला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

नळ येण्याआधी या भागात पाणी म्हणजे विहीर, नाही तर नदी. धाम आमच्याच बाजूच्या डोंगरातून निघते आणि पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहत जाते. आज महाकाळीच्या धाम प्रकल्पातून सोडलेलं तिचं पाणी वर्ध्याला पुरवलं जातं. नागपूर शहराला धरणाचं पाणी त्याच्या कितीतरी आधी मिळालं होतं. १८७३च्या सुमारास अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्यानं अंबाझरीचा बांध वाढवून ते काम केलं. हेच बिनी पुढे लंडनच्या काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले. खेड्यांच्या वाट्याला मात्र विहीरच राहिली, आणि विहिरीबरोबर पटकी. साथ आली की विहिरीत लाल औषध टाकायचं. पोटॅशियम परमँगनेटचा हा उपाय आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९०च्या दशकात पुढे आणला होता. पाणी गुलाबी व्हायचं, दोन दिवसांनी पुन्हा पांढरं व्हायचं, आणि पांढरं झालं की लोकांची धास्ती पुन्हा सुरू व्हायची.

१९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झालं. सगळे तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतात. या संस्थेनं मोठमोठ्या शहरांचे आराखडे केले, पण मला तिचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते दोन मडक्यांचं.

विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल, एकदम टाकली तर पहिल्या दिवशी पाणी तोंडात धरवत नाही आणि तिसऱ्या दिवशी क्लोरीन उरत नाही. रोज थोडी थोडी टाकायला माणूस हवा. नीरीच्या लोकांनी एका मडक्यात दुसरं मडकं बसवलं. बाहेरचं ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद. दोघांना एकेक सेंटिमीटरचं भोक, आतल्याला काठाजवळ आणि बाहेरच्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर. १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाडी वाळू किंचित ओली करून आतल्या मडक्यात भरायची, तीही भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंतच. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकनं बांधायचं आणि दोराला अडकवून ते विहिरीत पाण्याखाली किमान १ मीटर सोडायचं, म्हणजे बादली आपटून फुटत नाही. क्लोरीन दोन भोकांतून वाट काढत हळूहळू झिरपत राहतं. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या, रोज ३६० ते ४५० लिटर उपसा होणाऱ्या घरगुती विहिरीला एवढं मडकं दोन-तीन आठवडे पुरतं. कुंभाराच्या चाकावर होण्यासारखं यंत्र, आणि वीज लागतच नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सामाजिक आरोग्याच्या पुस्तकांत ते आजही नीरीच्या नावानं शिकवलं जातं.

या मडक्यात एक गोष्ट गृहीत होती: जंतू मारायचा. त्याच संस्थेत त्याच सुमारास दुसरं काम सुरू होतं, आणि त्यात जंतूलाच कामाला लावायचं होतं.

मंद वाळू गाळणी ही तशी जुनी युक्ती. जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी पाणी कंपनीसाठी ती बांधली. मोठा हौद, त्यात जवळजवळ मीटरभर बारीक वाळू, वर पाणी. ते वाळूतून इतकं सावकाश उतरतं की तासाला १० ते २० सेंटिमीटरच खाली जातं. सुरुवातीला लोकांना वाटे की वाळूच घाण अडवते. खरं काम करते ती वाळूच्या अगदी वरच्या थरावर काही दिवसांत धरणारी साय. जर्मन लोक तिला घाणीचं कातडं म्हणतात. जिवाणू, शेवाळ, एकपेशीय प्राणी, त्यांनी सोडलेला चिकट रस, सगळं मिळून हे कातडं बनतं. वरून येणारी घाण ते अडवतं, पाण्यात विरघळलेलं अन्न खाऊन टाकतं, आणि पटकीचा, विषमज्वराचा जंतू त्यात जगत नाही.

याची परीक्षा १८९२ मध्ये जर्मनीत झाली. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी घेत होतं, पण वाळूतून गाळून. पटकी आली आणि हॅम्बुर्गात सुमारे ८,६०० माणसं गेली. आल्टोना जवळजवळ वाचलं. दोन शहरांची हद्द एका रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या एका बाजूला घरोघरी प्रेतं, दुसऱ्या बाजूला नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी हे प्रत्यक्ष पाहून मांडलं. पटकीचं कारण पाणी की दूषित हवा, हा वाद त्यानंतर फारसा उरला नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नीरीनं नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय पाणीपुरवठा केंद्राबरोबर हीच गाळणी भारतीय खेड्यांसाठी तपासायला घेतली. प्रात्यक्षिकासाठी चार गावं निवडली: हरियाणातलं अबूबशहर, आंध्रातलं पोथुनुरू, तामिळनाडूतलं कामयगौंडनपट्टी आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातलं बोरुजवाडा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत चालतं ते गावच्या हौदात, गावच्या माणसाच्या हातात चालतं का, हे बघायचं होतं.

हौदाची राखण करणाऱ्याला शिकवायच्या गोष्टी थोड्याच होत्या. नवी वाळू भरली की साय धरायला वेळ द्यायचा, तोवरचं पाणी प्यायला सोडायचं नाही. पाणी उतरेनासं झालं की हौद रिकामा करून वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू फावड्यानं अलगद खरवडायची, खाली हात लावायचा नाही. खरवडल्यावर पुन्हा साय धरेपर्यंत थांबायचं. दही लावणाऱ्या घरातल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं.

अडचण आली ती विजेची. आपल्याकडे पंप चोवीस तास चालत नाही, चालवणाराही रात्री घरी जातो. मग गाळणी दिवसा चालू, रात्री बंद. नीरीचे परमशिवम, म्हैसाळकर आणि त्यांचे सहकारी यांनी याच प्रश्नाची नीट मोजदाद केली. बंद ठेवलेली गाळणी सकाळी सुरू केली की पहिले काही तास तिच्यातून येणाऱ्या पाण्यात जंतू नको इतके वाढलेले दिसत. कारण साध्या निरीक्षणाचं आहे: पाणी थांबलं की सायीतल्या जिवांचा प्राणवायू संपतो आणि तिची घडी विस्कटते. उपायही त्यांनी साधाच काढला. रात्री आत येणारं पाणी बंद झालं तरी बाहेर जाणारं बंद करायचं नाही. हौदात साठलेलं पाणी आपल्या वजनानं हळूहळू उतरत राहू द्यायचं. वेग कमी होत जाईल, पण वाहणं थांबणार नाही. पंप नसताना साय जिवंत ठेवायची ही युक्ती विदर्भासारख्या भागाचा विचार करूनच सुचू शकते. या गाळणीच्या आराखड्यावरचा परमशिवम-म्हैसाळकरांचा लेख १९८१ मध्ये अमेरिकेच्या पाणीपुरवठा संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

वाहणं थांबू द्यायचं नाही, हे वाक्य लक्षात असू द्या. कारंज्याच्या प्लांटवर त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

आता पडद्याकडे. पाठ्यपुस्तकात त्याला पटल म्हणतात, पण प्लांटवर कुणी पटल म्हटलेलं मी ऐकलं नाही.

१९५९च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला की खारट पाणी दाबानं त्यावर ढकललं तर मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी पलीकडे जातं. यालाच रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ, म्हणतात. सौरीराजन मूळचे आपल्या दक्षिणेचे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा नावाच्या छोट्या गावात या पडद्यावरचं पहिलं गावपातळीवरचं संयंत्र लागलं. त्या गावाला पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागायचं. हे वाचताना मला दरवेळी लातूर आठवतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती.

पण सेल्युलोज म्हणजे शेवटी लाकूड-कापसाचीच जात. जिवाणू त्यावर नुसते बसत नव्हते, ते तो खात होते. दिलासा एवढाच होता की तो पडदा थोडं क्लोरीन सहन करायचा, त्यामुळे पाण्यात जरासं क्लोरीन ठेवून जंतूंना लांब राखता यायचं.

१९७०च्या दशकात अमेरिकेतच जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिपातळ थर चढवलेला पडदा तयार केला. आज जगभर आरओमध्ये जे चालतं ते मुख्यतः याच कुळातलं. खाली पॉलिस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोनची सच्छिद्र गादी, आणि सर्वांत वर पॉलिअमाइडचा थर, मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ. हा पडदा कमी दाबात जास्त पाणी देतो, मीठ जास्त अडवतो, आणि जिवाणूंना तो खाता येत नाही. एकच गोष्ट त्याला चालत नाही: क्लोरीन. क्लोरीन त्याच्या रेणूंच्या साखळीचे दुवे तोडतं. पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर काहीशे तासांतच तो मीठ सोडायला लागतो.

म्हणजे पहिल्या पडद्याला जंतू खात होता पण औषध चालत होतं. दुसऱ्याला जंतू खात नाही, पण औषधच मारतं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं पाण्यात रोज क्लोरीन घालायला सुरुवात केली तेव्हापासून जगानं ज्या एका औषधावर भिस्त ठेवली होती, नीरीच्या मडक्यातही जे होतं, ते या पडद्याच्या दाराशी काढून टाकावं लागतं. घरच्या आरओत कार्बन फिल्टर असतो तो मुख्यतः याचसाठी. कार्बननं क्लोरीन काढलं की त्यापुढचं पाणी बिनराखणीचं होतं. कार्बनच्या दाण्यांवर जिवाणू घर करतात, आणि तिथून सुटलेले पुढे मेंब्रेनवर जाऊन बसतात.

पडद्यावर असे बसलेले जिवाणू ठळकपणे दिसले ते कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत. तिथे सत्तरच्या दशकात ‘वॉटर फॅक्टरी २१’ नावाच्या संयंत्रात शहराचं सांडपाणी शुद्ध करून जमिनीखाली सोडायला सुरुवात झाली. हॅरी रिजवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाद झालेले पडदे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आमच्या मेकॅनिकनं हेक्सॉ ब्लेडनं केलं तेच. नवा पडदा बसवल्यावर पहिल्या काही दिवसांतच जिवाणू चिकटायला सुरुवात होते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच काळात बिल कॉस्टर्टन हे शास्त्रज्ञ सांगत होते की निसर्गात जिवाणू बहुतेक ठिकाणी सुटे पोहत नाहीत, आपल्याच रसात घर बांधून थरानं राहतात. दातावरची किटण, नदीतल्या दगडावरची बुळबुळ, पाइपच्या आतली साय, सगळं एकच. त्या चिकट रसात बसलेल्या जिवाणूपर्यंत औषध पोचता पोचत नाही. पाण्यात सुटा असताना सहज मरणारा जंतू थरात बसला की मरत नाही.

मग जंतूच आत येऊ न देणं शक्य आहे का? जर्मनीचे हान्स-कुर्ट फ्लेमिंग यांनी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत शहाणं वाटतं. पाण्यातले ९९.९ टक्के जंतू काढले तरी उरलेले वाढतात, कारण ते जिवंत आहेत आणि पाण्यात अन्न आहे. धुळीचा कण बसला तर एकच बसतो. जंतू बसला तर रात्रीत त्याचे शेकडो होतात. म्हणून जंतू मोजत बसण्यापेक्षा त्यांचं अन्न मोजा. क्लोरीननं तर कधी कधी अन्न वाढतं: कुजलेल्या पाल्याचे मोठे, पचायला जड रेणू फोडून ते त्यांचे छोटे, सोपे घास करतं, शिवाय मेलेले जंतू हेही जिवंतांचं अन्नच. ज्या थराची भीती आहे तो पडद्यावर धरण्याआधी दुसरीकडे, आपल्या सोयीच्या जागी धरू द्यावा आणि त्याला तिथेच सगळं अन्न खाऊ द्यावं, असं फ्लेमिंग यांचं म्हणणं.

ती सोयीची जागा म्हणजे वाळू. नेदरलँड्समध्ये डिक व्हॅन डर कोइज यांनी १९८०च्या दशकात पाण्यातलं जंतूंना पचेल एवढंच कार्बन मोजायची पद्धत बसवली होती. दर लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली ते राहिलं तर पाणी क्लोरीनशिवायही नळात टिकतं, असा त्यांचा अनुभव. ॲमस्टरडॅम शहर मंद वाळू गाळणीतून काढलेलं पाणी क्लोरीनशिवाय घरोघरी देतं. आणि नव्वदच्या दशकात त्या शहराच्या पाणी खात्यानं आरओच्या चाचण्या घेतल्या तेव्हा पडद्याच्या आधी काय बसवावं याचा शोध घेताना ही मंद वाळू गाळणीही त्यात होती. शंभरेक वर्षांपूर्वी आल्टोनाला वाचवणारी साय आता पडद्याला वाचवायला उभी केली जात होती. ज्या देशातून नीरीला मदत आली होती, त्याच देशात. बोरुजवाड्यात आपण जे शिकलो ते मागासलेलं, गरिबाचं तंत्र होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

महाराष्ट्रातही पडद्याचं काम झालं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं पॉलिसल्फोनच्या पडद्याची घरगुती गाळणी विकसित करून तिचं तंत्र उद्योजकांना दिलं. ती विजेशिवाय, नुसत्या नळाच्या दाबावर चालते. जिवाणू आणि गढूळपणा अडवते, मीठ मात्र काढत नाही. पॉलिसल्फोन क्लोरीन सहन करतं, त्यामुळे इथे ते भांडण नाही. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कारखान्यानं गेल्या शतकाच्या अखेरीस महापालिकेचं सांडपाणी घेऊन आरओनं शुद्ध करून कारखान्यात वापरायला सुरुवात केली. सांडपाणी म्हणजे जंतूंना भरलेलं ताट. तिथे पडद्याच्या आधीची तयारी हाच खरा कारखाना असतो.

आपल्या विदर्भात आरओची खरी गरज आहे ती पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत जिथे विहिरीचं पाणी खारं निघतं. फ्लोराइडच्या पट्ट्यातही आहे. पण आरओ पसरला तो गरज असेल तिथेच नव्हे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओला मनाई असावी. नदी-धरणाचं, टीसीएल घातलेलं गोडं पाणी घेऊन त्यातलं क्लोरीन काढायचं, मग त्याला पडद्यातून ढकलायचं, निम्म्याहून जास्त वाया घालवायचं आणि शेवटी राखण नसलेल्या टाकीत साठवायचं, यात सुधारणा कुठली? माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरात नळाला क्लोरीन येतं आणि क्षार कमी आहेत, त्या घराला नीरीच्या मडक्याचाच विचार पुरेसा आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं सकाळी क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची नळी उजेडात धरून पिवळा रंग पाहिला, नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं, की पाणी सुरक्षित आहे. त्या कामाला मान नाही, पगार तुटपुंजा, पण गावाची प्रकृती त्याच्याच हातात आहे.

आमच्या कारंज्यात मात्र बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, म्हणून प्लांट आले. ते येणारच होते. तर मग मेंब्रेन नीट राखायला हवं.

त्या मे महिन्यात मेकॅनिकशी बोलताना कुठे काय चुकलं ते हळूहळू उलगडत गेलं. काळी टाकी उघड्यावर होती. बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात तिच्यातलं पाणी कोमट व्हायचं, आणि कोमट पाण्यात जंतू झपाट्यानं वाढतात. कार्बनची टाकी उलट्या धारेनं धुवायची राहून गेली होती. लग्नसराई संपली की प्लांट दोन दोन दिवस बंद राहायचा आणि पडद्यांत पाणी तसंच उभं. इथे मला बोरुजवाडा आठवला. तिथे वाहणं थांबलं की उपयोगी साय बिघडायची. इथे वाहणं थांबलं की नको असलेली साय फोफावते. उपाय दोन्हीकडे एकच: पाणी उभं राहू द्यायचं नाही. प्लांट बंद करताना कमी दाबानं शुद्ध पाणी पडद्यातून सोडायचं. दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर पडद्यात सोडियम बायसल्फाइटचं सौम्य द्रावण भरून ठेवायचं, आणि सुरू करताना ते पूर्ण धुऊन टाकायचं.

दुसरी चूक धुण्यात होती. पाणी कमी झालं की ते आधी सायट्रिक ॲसिडनं धुवायचे, कारण क्षाराचा पांढरा थर डोळ्यांना दिसतो. पण चिकटा असेल तर आम्लानं तो आणखी घट्ट बसतो, अंड्याचा बलक उकळल्यावर बसतो तसा. आधी कॉस्टिकचं द्रावण, पीएच बाराच्या आत आणि कोमटच, म्हणजे पस्तीस अंशांपर्यंत. त्यात भिजवायचं, फिरवायचं, पुन्हा भिजवायचं. त्यानं चिकटा सुटतो. मग स्वच्छ पाणी, आणि त्यानंतर गरज असेल तर आम्ल. आणि हे सगळं पाणी निम्म्यावर यायची वाट पाहून नव्हे. दाबातला फरक पहिल्या दिवसापेक्षा दहा-पंधरा टक्के वाढला, किंवा पाणी दहा टक्क्यांनी घटलं, की लगेच. त्याच्यापुढे गेलं की थर पिकतो आणि मग कशानंच निघत नाही. पहिल्या दिवसाचे आकडेच लिहून ठेवले नसतील तर दहा टक्के कशाच्या दहा टक्के?

“म्हणजे वही पाह्यजे,” मेकॅनिक म्हणाला. होय, वहीच पाहिजे. जगात यावर मोठं संशोधन सुरू आहे. सोलच्या विद्यापीठात चुंग-हाक ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाण्याच्या पडद्यांवर जिवाणूंची आपापसांतली रासायनिक हाकाटीच बंद पाडायचा प्रयोग यशस्वी केला. हाक ऐकू आली नाही की ते थर बांधत नाहीत. ऑरेंज काउंटी पडद्याला कमी त्रास देणारं क्लोरामाइन वापरते. जाळीची रचना बदलली जाते आहे, पडद्याचा पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो आहे. हे आपल्याकडे येईल तेव्हा येईल. सावली, वाहतं पाणी, वेळच्या वेळी धुणं आणि वही आज, या घडीला कारंज्यात करता येतं.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा त्या प्लांटवर गेलो. टाकीवर बांबू आणि तट्ट्याची सावली घातली होती. भिंतीला खिळ्यावर दोऱ्यानं बांधलेली एक शाळेची वही लटकत होती: तारीख, आतला दाब, बाहेरचा दाब, तासाचं पाणी, टीडीएस, फ्लश केलं की नाही.

आपल्या गावातल्या प्लांटवर कॅन घ्यायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी ही वही मागा. मेंब्रेन शेवटचं कधी धुतलं, कशानं धुतलं आणि काल रात्री बंद करताना पाणी फिरवलं का, एवढं विचारा. घरी आरओ असेल तर आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर त्याच्या टाकीतलं पहिलं पाणी ओतून द्या, आणि कार्बनची कँडल वेळेवर बदला.